स्वातंत्र्यदिनी तुम्हाला खरंच आतून कृतज्ञता वाटते का, की ती फक्त एक सुट्टी असते?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की झेंडावंदनाला उभं राहूनही तुम्हाला काही जाणवत नाही, बाकीचे स्टेटस बदलतात तेव्हा आपलंच काही चुकतंय असं वाटतं, आणि शेवटी विचारलंय की ज्यांना आपण पाहिलंही नाही त्यांच्याबद्दल कृतज्ञ व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं.

आधी कबुली देतो. १५ ऑगस्टला मलाही फारसं काही होत नाही. पुण्यात आमच्या सोसायटीत साडेसातला झेंडा लागतो, सेक्रेटरी मागच्याच वर्षीचं भाषण करतात, त्यात पाण्याच्या टँकरचं बिल कुठून तरी घुसतंच. मग जिलेबी. पोरं सायकलींना झेंडे लावून दोन चकरा मारतात आणि नऊला पार्किंग मोकळं होतं. त्यात वाईट काही नाही. पण माझ्या घरात हा दिवस खऱ्या अर्थानं ३३ दिवसांनी उगवतो, १७ सप्टेंबरला.

मी मूळचा धाराशिव जिल्ह्यातला, येरमाळ्याजवळच्या एका लहान गावचा. मराठवाड्याबाहेरच्या पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही हे सांगावं लागतं, म्हणून सांगतो: १५ ऑगस्ट १९४७ ला आमचं गाव स्वतंत्र झालं नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते, आणि सातवा निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील व्हायला तयार नव्हता. आमच्या जिल्ह्याला नावच त्याचं होतं. रेल्वे त्याची, टपाल त्याचं, नाणंसुद्धा त्याचं. राज्यात तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी माणसं बहुसंख्य, आणि कारभार उर्दूत. सभा घ्यायची तर आधी परवानगी. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली, तिच्यावर लगेच बंदी आली.

हे सगळं मी नंतर वाचलं. त्याआधी मला माहीत होती ती आजीची मोगलाई. निजामाच्या हद्दीला ती शेवटपर्यंत मोगलाईच म्हणायची. ‘मोगलाई लागून गेली का?’ हे आपण आजही सहज बोलतो, पण तिच्या तोंडी तो वाक्प्रचार नव्हता, पत्ता होता.

तिच्या आजोळचं गाव बार्शीत. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी हद्दीत. अंतर बैलगाडीनं एका दिवसाचं, पण मध्ये करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. नाक्यावरचा शिपाई गाठोडं सोडायला लावायचा. कापड, रॉकेल, गुळाची ढेप, काय असेल ते बाहेर. शिवाय पैशांचा घोळ. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार सारखा नव्हता, सात हालीला सहा कलदार असा हिशोब. आजी अक्षरओळख नसलेली बाई, पण हा हिशोब तिला ऐंशीव्या वर्षीही बोटांवर पाठ होता. आम्हा नातवंडांना ती त्यावर कोडी घालायची आणि इंजिनिअर झालेला माझा भाऊ दर वेळी चुकायचा.

तर १९४७ चा ऑगस्ट. आजी तेव्हा बारा वर्षांची, आजोळी गेलेली. बार्शीत प्रभातफेरी निघाली, साखर वाटली, पोरांच्या हातात कागदी झेंडे दिले. खळ लावून काडीला चिकटवलेला पतंगी कागद, तळहाताएवढा. दोन दिवसांनी तिचा बाप तिला न्यायला आला. तिनं तो झेंडा काडीवरून सोडवला, घडी केली आणि शिदोरीच्या फडक्यात दोन भाकरींच्या मध्ये ठेवला. गावात मैत्रिणींना दाखवायचा होता, एवढंच. क्रांती वगैरे काही नाही.

वाटेतलं पांगरी गाव मागे पडल्यावर बापानं दुपारच्या जेवणाला गाडी सोडली, फडकं उघडलं, आणि भाकरीला लागलेला हिरवा रंग दिसला. त्यानं लेकीच्या अशी थोबाडीत ठेवून दिली की, आजीच्या शब्दांत, ‘कानात घंटी वाजली.’ मग तो कागद त्यानं बाभळीच्या बुडाशी बोटांनी उकरून पुरला आणि रंग लागलेली भाकरी बैलाला चारली. पोरीला एक अक्षर बोलला नाही. नाक्यावर शिपायानं गाठोडं सोडलं, हुंगलं, बांधायला सांगितलं.

आजी ही गोष्ट हसत सांगायची. ‘सोराज आलं, पर ते बारशीतच ऱ्हायलं. नाक्यावर अडकलं.’ तिच्या बापानं आयुष्यात तिच्यावर हात उगारला तो त्या एकदाच. मला लहानपणी तो माणूस भित्रा वाटायचा. आता मला स्वतःला मुलगी आहे, आणि त्या बाभळीखाली त्याला काय काय दिसलं असेल याचा अंदाज येतो.

कारण पुढचे तेरा महिने आमच्याकडे ‘रझाकारी’ म्हणून ओळखले जातात. कासीम रझवी हा लातूरचा वकील; निजामाच्या बाजूनं लढणारी त्याची रझाकार संघटना गावोगाव हत्यारं घेऊन फिरत होती. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्टलाच हैदराबादेत अटक झाली. सरहद्दीच्या पलीकडे, भारताच्या हद्दीत, तरुणांनी कॅम्प उभारले. बार्शीच्या बाजूला होते, विदर्भात उमरखेडला होते. तिथून येऊन ते करोडगिरीचे नाके जाळत, सरकारी दप्तरं पेटवत. उमरीच्या बँकेतली रोकड त्यांनी लढ्यासाठी उचलली ती गोष्ट नांदेडकडे अजून रंगवून सांगतात. शिंदीची, म्हणजे ताडीसारखी दारू देणारी, झाडं तोडायचा सत्याग्रह झाला. बाहेरच्या माणसाला तो विचित्र वाटतो, पण शिंदीवरच्या अबकारीचा पैसा थेट निजामाच्या तिजोरीत जायचा, त्यामुळे घाव बरोबर जागी होता.

आमच्या घरातलं कुणी यात नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा उत्तरांत प्रत्येकाचे आजोबा स्वातंत्र्यसैनिक निघतात. आमच्याकडे ताम्रपट नाही, पेन्शन नाही. आमची माणसं रात्री उभ्या ज्वारीत झोपायची, एवढाच त्यांचा सहभाग. कॅम्पवाली पोरं रात्री आली तर भाकरी द्यायची आणि सकाळी कुणी विचारलं तर पाहिलं नाही म्हणायचं. आजीची आई म्हणे त्या दिवसांत पीठ नेहमीपेक्षा जास्त दळायची आणि कुणासाठी ते घरातही बोलायची नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारताचं सैन्य सोलापूरकडून शिरलं. मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी त्या मोहिमेचे प्रमुख. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं. कागदोपत्री नाव ऑपरेशन पोलो, सरकारी भाषेत पोलीस कारवाई, आणि आमच्याकडे नुसतं ‘ॲक्शन’. गावाकडची जुनी माणसं वयं त्यावरूनच सांगायची: थोरला ॲक्शनच्या आधीचा, धाकटी ॲक्शननंतरची. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली आणि तसं रेडिओवर सांगितलं. आमच्या गावात रेडिओ नव्हता. गावाला कळलं ते नाक्यावरचे शिपाई दिसेनासे झाले तेव्हा. आजीचा चुलता मुद्दाम गाडी जुंपून काही काम नसताना नाका ओलांडून गेला आणि परत आला. दोनदा. बैल दमले म्हणून तिसऱ्यांदा गेला नाही.

स्वातंत्र्य म्हणजे काय यावर मी बरंच वाचलंय, पण त्या चुलत्याइतकं नेमकं मला कुणी समजावलेलं नाही.

इथे थांबलो असतो तर उत्तर छान झालं असतं. पण आजी इथे थांबायची नाही. तिच्या गोष्टीला पुढे एक मणेर होता.

मणेर म्हणजे बांगड्या भरणारा मुसलमान. वेशीजवळ घर, गावातल्या प्रत्येक लेकीबाळीच्या मनगटाचं माप त्याला ठाऊक. रझाकारांशी त्याचा संबंध नव्हता. उलट ते आले की तोही दार लावून बसायचा, कारण वर्गणी त्याच्याकडूनही उकळायचे. ॲक्शननंतर आठवड्याभरात बाहेरगावची माणसं आली, काठ्याकुऱ्हाडी घेऊन, सूड घ्यायला. रझाकार तोवर पळाले होते. मग जो सापडेल तो. आजीच्या बापानं, त्याच भित्र्या माणसानं, मणेराच्या बायकापोरांना दोन रात्री बळदात ठेवलं. बळद म्हणजे भिंतीतलं धान्याचं कोठार, वर तोंड, आत अंधार आणि कोंड्याची धूळ. मूल खोकलं की घरातली बाई वर जात्यावर काहीतरी भरडायला बसायची. ती माणसं वाचली. मणेर स्वतः वाचला नाही. बायको पोरं घेऊन सोलापूरला गेली आणि परत कधी आली नाही.

हे एका गावातलं नव्हतं. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती, तिनं २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. तो अहवाल कित्येक वर्षं बाहेर आला नाही. आणि आधीच्या तेरा महिन्यांत रझाकारांनी मारलेली माणसं आहेतच. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याचं नाव काढलं तरी त्या भागातले म्हातारे गप्प व्हायचे. काही लोक यातलं पहिलं सांगतात, काही दुसरं. ज्याला जे सोयीचं. दोन्ही सांगणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या बसतात, मलाही बसल्या आहेत. अशा वेळी मी शोएबुल्ला खान यांचं नाव घेतो. हैदराबादेतून ‘इमरोज’ हे उर्दू पत्र चालवणारा तरुण संपादक. भारतात विलीन व्हा असं लिहीत होता, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला रस्त्यात गाठून मारलं. तो १७ सप्टेंबर त्याला पाहायला मिळाला नाही, जेमतेम काही आठवडे कमी पडले. एका रांगेत बसवता येईल असा हा लढा नव्हताच.

तेव्हा तुमचा मूळ प्रश्न, कृतज्ञता म्हणजे नेमकं करायचं काय. माझ्यापुरतं सांगतो. मला ‘देश’ नावाच्या गोष्टीबद्दल एकदम कृतज्ञ होता येत नाही, ती फार मोठी पडते. ज्यादा पीठ दळणाऱ्या बाईबद्दल होता येतं. कॅम्पमधल्या, नावही माहीत नसलेल्या पोरांबद्दल होता येतं. बळदाबद्दल होता येतं. आणि मणेराची आठवण आली की त्या कृतज्ञतेत खडा लागतो, तो मी काढून टाकत नाही. तुम्ही कोकणातले असा, विदर्भातले, कुठलेही. तुमच्याही घरात असं काहीतरी असणार. गोव्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याशी बोला, त्यांचं स्वातंत्र्य तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत अडकून पडलं होतं. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला ‘स्वातंत्र्याबद्दल काय वाटतं’ असं विचारू नका, भाषण मिळेल. ‘तेव्हा बाजाराला कुठं जायचा, वाटेत कोण अडवायचं’ असं विचारा.

स्टेटस बदलणाऱ्यांवर मात्र चिडू नका. मीही बदलतो. न बदलला तर बायको विचारते, बरं नाही का.

आजी २०१६ साली गेली. तिच्या लुगड्याच्या घडीत एक हाली रुपया निघाला, चारमिनार छापलेला. कशासाठी ठेवला होता कुणास ठाऊक. शेवटी शेवटी तिला बरंच आठवायचं नाही, पण तो कुठे आहे ते आठवायचं. आता तो माझ्याकडे आहे.

दर वर्षी १७ सप्टेंबरला जमेल तसं गावी जातो. तिकडे त्या दिवशी शाळेत, तहसिलीत झेंडा लागतो आणि पुण्यातल्या ऑफिसात मला रजेचं कारण दर वेळी नव्यानं समजावून सांगावं लागतं. गेल्या खेपेला मुलीला बरोबर घेतलं. टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी अशी वाट. रस्ता आता चांगला झालाय. ती मोबाइलवर काहीतरी बघत होती. पांगरी मागे पडल्यावर मी म्हटलं, बघ, इथेच कुठेतरी नाका होता, आजीच्या वडिलांचं गाठोडं सोडायचे तो. तिनं मान वर केली आणि विचारलं, कुठे? मी आरशात पाहिलं. रसवंती, पंक्चरचं दुकान, दोन बाभळी. बोट दाखवेपर्यंत आमची गाडी मोगलाईत शिरलीसुद्धा होती.