याकुतियात पाऊस माणदेशाच्या निम्मा, मग तिथे एवढं जंगल कसं?

विचारलंय की, वर्षाला जेमतेम २४० मिमी पाऊस-बर्फ पडणाऱ्या याकुतियात, म्हणजे रशियाच्या सायबेरियातल्या प्रांतात, लार्च या सुईसारख्या पानांच्या झाडाचं एवढं जंगल कसं टिकतं आणि त्यात प्राणी कोणते.

जमिनीखालच्या बर्फामुळे टिकतं. 'बर्फ असूनही टिकतं' असं लिहितात ते साफ चूक आहे. याकुतियाच्या राजधानीत, याकुत्स्कला, शेर्गिन या व्यापाऱ्याची विहीर १८२८ ते १८३७ खणत होते. ११६ मीटरवरही गोठलेलीच माती लागली. हा थर पाणी खाली झिरपू देत नाही. उन्हाळ्यात वरची माती वितळते तेवढ्यातच सगळी ओल अडते आणि कोरड्या वर्षी झाडं आदल्या वर्षी गोठून राहिलेली ओल पितात. माणच्या मुरमात ही सोय नाही. शिवाय लार्च थंडीआधी सुया गाळतो, त्यामुळे मुळं गोठलेली असताना तो वाळत नाही.

वितळलेला थर मोजायचा तर ऑगस्टअखेर, खुणा केलेली सळई सरळ खाली दाबायची. १०० मीटरच्या चौकोनात दर १० मीटरला, म्हणजे १२१ ठिकाणी. खणकन वाजली तर दगड, बद्द आवाजाने थांबली तर बर्फ. जुलैत मोजलं की आकडा कमी येतो, आणि शेवाळ पायाखाली दबलं तरी कमीच येतो. याकुत्स्कजवळ लार्चखाली साधारण सव्वा मीटर, उघड्या कुरणात दोनच्या आसपास. म्हणून सळई दोन मीटरहून लांबच घ्या.

हा फरक सावली आणि शेवाळाचा आहे. 'तोडलं तर पुन्हा लावू' म्हणणाऱ्यांशी माझं इथेच कायम वाजतं. याकुतियातल्याच बातागाय गावाजवळ १९६० च्या दशकात जंगल साफ केलं. झाकण गेलं, बर्फ वितळला, माती खचली, त्याने नवा बर्फ उघडा पडला. आज तिथे सुमारे एक किलोमीटरचा खड्डा आहे, वरची कड ५० मीटरहून उंच, आणि ती दरवर्षी मागे सरकतेय. रोप लावणार कशात? आधी शेवाळ वाचवा, रणगाड्यासारख्या पट्ट्यांची वाहनं उन्हाळ्यात आत नेऊ नका.

प्राणी: एल्क (मूस), रेनडिअर, सेबल (मऊ फरचा मुंगसाएवढा शिकारी प्राणी), तपकिरी अस्वल.

सगळीकडे असा खड्डा पडत नाही, हेही खरं. मातीत बर्फ कमी असेल तर वणव्यानंतर उघड्या मातीवर लार्चचं बी उलट चांगलं रुजतं.