खून घालू नकोस

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पटकथा वाचली. नायक कारकून, लोकलने जातो-येतो, त्याच्या आयुष्यात काही घडतच नाही, म्हणून मध्यंतरापाशी एक खून घालायचा तुझा विचार दिसतो. घालू नकोस. आधी दिग्दर्शक किंग व्हिडॉरचा 'द क्राउड' बघ. १९२८ सालचा अमेरिकन मूकपट, कृष्णधवल.

व्हिडॉरचा आधीचा 'द बिग परेड' एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओला भरपूर पैसे देऊन गेला होता. त्या पुण्याईवर तिथल्या निर्मितीप्रमुख अर्व्हिंग थालबर्गने त्याला हा असा, स्टुडिओच्या चाकोरीत न बसणारा सिनेमा करू दिला. गोष्ट केवढी? जॉन सिम्स नावाचा मुलगा मोठा माणूस होणार म्हणून न्यूयॉर्कला येतो आणि कचेरीतल्या शेकडो टेबलांपैकी एका टेबलावर बसतो. लग्न, दोन मुलं, कुरबुरी. बस.

कचेरीचा तो शॉट मात्र थांबवून थांबवून बघ. कॅमेरा गगनचुंबी इमारतीवरून वर सरकत जातो, एका खिडकीतून आत शिरतो आणि रांगेने मांडलेल्या टेबलांवरून तरंगत जॉनपाशी उतरतो. यातली इमारत म्हणजे आडवी ठेवलेली छोटी प्रतिकृती. कॅमेरा तिच्यावरून नेला, खिडकीपाशी डिझॉल्व्ह घेतला, म्हणजे एक दृश्य विरत विरत दुसरं उमटवलं, आणि पुढे खऱ्या सेटवर तो वरून टांगून चालवला. जुगाड म्हण हवं तर! पण त्या सगळ्या खटाटोपाच्या टोकाला एक माणूस बसलाय. तुझ्या पटकथेत ड्रोनचे चार शॉट आहेत. त्यांच्या टोकाला कोण आहे?

रस्त्यावरची काही दृश्यं न्यूयॉर्कमध्ये कॅमेरा लपवून घेतली, त्यामुळे त्यातले लोक अभिनय करत नाहीत, आपल्या कामाला चाललेत. नायक जेम्स मरी तर एक्स्ट्रांमधून उचललेला. नायिका एलिनॉर बोर्डमन, व्हिडॉरची बायको, नावाजलेली नटी. इथे तिने झगमगाट पार उतरवून ठेवलाय. संसाराला कंटाळलेली तिची मेरी बघताना ती नटी आहे हे आपण विसरतो. भूमिकेसाठी माणसं निवडताना हे ध्यानात ठेव.

आणि ते दृश्य. ट्रकखाली आलेली जॉनची लहानगी मुलगी घरात शेवटच्या घटका मोजतेय. जॉन रस्त्यावर धावतो आणि हात पसरून अख्ख्या गर्दीला गप्प करू पाहतो. पोलीस त्याला घरात पिटाळतो: तुझं पोर आजारी आहे म्हणून जग थांबत नाही. यात खलनायक कुणी नाही. तुला हवा होता तो संघर्ष हाच.

शेवटावरून स्टुडिओत बरीच ओढाताण झाली. अनेक शेवट चित्रित केले, आणि चित्रपटगृहांना एक गोड शेवटही देऊ केला होता. व्हिडॉरचा शेवट वेगळाच आहे: नवरा-बायको नाट्यगृहात खो खो हसतायत, कॅमेरा मागे मागे जातो आणि ती दोघं प्रेक्षकांत दिसेनाशी होतात. सुखान्त म्हणावा का हा? मला दर वेळी वेगळं वाटतं. तू मात्र नायकाला बढती देऊन मोकळा होतोस.

ते बढतीचं पान आणि खुनाची पानं काढून पुढचा खर्डा पाठव. ड्रोनचं भाडं वाचलं तर एखादा चांगला ध्वनिमुद्रक घे. लोकलच्या डब्यातला आवाज तुला लागणार आहे.