पूर्व परीक्षेनंतरची पहिली रात्र

काल तू अभ्यासिकेच्या जिन्यात चौघांबरोबर प्रश्नपत्रिका उघडून बसलास आणि अर्ध्या तासात चेहरा उतरवून वर आलास, ते मी पाहिलं. माझ्या पहिल्या राज्यसेवा पूर्वला मीही हेच केलं होतं. 'फक्त विधान अ बरोबर' यावर तिघांचं एकमत, म्हणून मी तो प्रश्न चुकीत धरला. पुढे उत्तरतालिकेत माझंच उत्तर बरोबर निघालं. चहा मात्र मीच पाजला होता!

जिन्यातलं बहुमत म्हणजे उत्तरतालिका नव्हे. क्लासवाल्यांच्याही त्या रात्रीच्या उत्तरांत एकमेकांशी पाच-सात ठिकाणी फरक सापडतो. लोकसेवा आयोगाची पहिली तालिका येऊ दे. मग उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत काढ आणि एकट्याने मोज. पहिल्या पेपरात बरोबर उत्तराला 2 गुण, चुकीला अर्धा वजा. आठवणीवर मोजू नकोस. शेवटच्या दहा मिनिटांत कोणतं वर्तुळ काळं केलं, हे कुणालाच नीट आठवत नाही. सीसॅटचं, म्हणजे आकलन-बुद्धिमापनाच्या दुसऱ्या पेपरचं, वेगळं आहे, तिथे 200 पैकी 66 झाले की पुरे.

एखादं उत्तर खरंच चुकीचं वाटलं तर मुदतीत हरकत घे, पण पुरावा पाठ्यपुस्तकाचा किंवा शासकीय प्रकाशनाचा जोड, क्लासच्या नोट्सचा नको. अंतिम तालिकेत उत्तरं बदलतात, प्रश्न रद्दही होतात. म्हणून काठावर असशील तर कटऑफचे अंदाज विचारत फिरू नकोस, मुख्य परीक्षेची पुस्तकं सोमवारीच काढ. माझी मात्र परत कर, गेल्या महिन्यापासून तुझ्याकडेच आहेत.