पाय गरम झाला म्हणजे सुटलो, असं आम्हालाही वाटलं होतं

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. पायाच्या रक्तवाहिनीतली गुठळी काढली, वडिलांचा पाय गरम झाला, आणि आता पोटरी दगडासारखी. डॉक्टर फॅसिओटॉमी (पोटरीला चिरा देऊन स्नायूंची आवरणं उघडणं) म्हणतायत आणि काका ‘एकदा चिरलं ते पुरे’ म्हणून अडून बसलेत. चार वर्षांपूर्वी आमच्या दादाचं अगदी हेच. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा. पण ते घाई करा म्हणत असतील तर पुढचं वाचायच्या आधी सही करून या.

तासन् तास उपाशी राहिलेल्या स्नायूला एकदम रक्त मिळालं की तो सुजतो. पोटरीत स्नायूंचे ४ कप्पे, आणि त्यांची आवरणं ताणत नाहीत. आत दाब वाढतो, रक्त पुन्हा अडतं. म्हणून आवरण उघडायचं.

त्या रात्री दादा कण्हत होता. आम्ही टाके दुखत असतील म्हणून पाय दोन उशांवर ठेवला (तेही चूक, अशा वेळी पाय छातीच्या पातळीलाच हवा). नर्सताईंनी पायाचा अंगठा नुसता वर वाकवला, तर तो किंचाळला. पावलावर नाडी लागत होती, म्हणून आम्ही निर्धास्त. आत दाब वाढला तरी ती बऱ्याच उशिरापर्यंत लागते म्हणे!

पण खरा घात केला विम्याच्या ऑफिसने. ‘रक्तपुरवठा सुरू झाल्याचं तुमच्याच कागदात आहे, मग दुसरं ऑपरेशन कशासाठी?’ आणि आम्ही शहाणे मंजुरीची वाट बघत बसलो, जवळजवळ चार तास. डिपॉझिटचे पैसे खिशात होते हो! क्लेमचं भांडण नंतरही करता आलं असतं. पाय वाचला, पण पंजा वर उचलत नाही. प्लास्टिकची पट्टी बांधून चालतो, चप्पल वाटेत निसटते.

लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर लगेच सांगा. मेलेल्या स्नायूतला रंग किडनीला बाधतो, दादाला तीनदा डायलिसिस लागलं. पोटॅशियम किती आलं तेही विचारा, ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

जखम काही दिवस उघडी ठेवतात, आईला ड्रेसिंगच्या वेळी बाहेर बसवा. आणि सर्जनकडून ‘तातडीचं’ असं तारीख-वेळेसकट लिहून घ्या. आमचा क्लेम शेवटी त्या एका ओळीवर पास झाला.