औष्णिक वीज केंद्रातल्या ५०० मेगावॅटच्या संचाला रोज किती कोळसा लागतो?

पाठ करून ठेवा: आपल्याकडच्या कोळशावर एका युनिटमागे साधारण ६५० ते ७०० ग्रॅम. बाकी सगळा गुणाकार.

हा आकडा येतो कुठून? एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. पण बॉयलर-टर्बाइनमध्ये बरीचशी उष्णता वाया जाते, त्यामुळे प्रत्यक्षात २४०० च्या आसपास घालावी लागते. कोळशाचं उष्मांकमूल्य, म्हणजे एक किलो जाळल्यावर मिळणारी उष्णता, ३६०० किलोकॅलरी धरलं, तर २४०० भागिले ३६००, म्हणजे ०.६७ किलो.

आता चंद्रपूर वीज केंद्राचा ५०० मेगावॅटचा एक संच घ्या. पूर्ण भाराने २४ तास चालला तर १ कोटी २० लाख युनिटं, म्हणजे ८००० टन कोळसा. मालगाडीच्या एका रेकमध्ये पावणेचार-चार हजार टन मावतो. रोज दोन रेक झाले की! अख्ख्या केंद्राचे २९२० मेगावॅट धरले तर सुमारे ४७ हजार टन. अर्थात सगळे संच वर्षभर पूर्ण भाराने चालत नाहीत, म्हणून वर्षाचा हिशोब करताना भारांक (पूर्ण क्षमतेच्या किती टक्के वीज प्रत्यक्षात निघाली ते) लावायलाच हवा. लोक नेमकं हेच विसरतात.

सगळी गोम उष्मांकमूल्यात आहे. ते ३६०० वरून ३००० वर घसरलं की तेच ८००० टन ९६०० होतात. पावसाळ्यात तर ओला कोळसा बंकरच्या (बॉयलरसाठी कोळसा साठवायच्या टाकीच्या) तोंडाशी चिखलासारखा चिकटून बसतो, घण घालून मोकळा करावा लागतो. शिवाय त्यातलं पाणी उडवण्यातच उष्णता खर्च होते.