एअरसॉफ्टच्या एलएमजीला साधा मॉसफेट पुरेल, की ईटीयूच घ्यावं?

साधा मॉसफेट घ्या, म्हणजे ट्रिगरच्या पॉइंटऐवजी मोटरचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच; ईटीयू म्हणजे त्याला चिप जोडलेलं ट्रिगर युनिट. तुमची एलएमजी, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या (बीबी) मारणारी बॅटरीवरची खेळातली मशिनगन, एम249 छापाची, फक्त ऑटोवर चालणारी, आणि तिला 11.1 व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) लावायची आहे, एवढं वाचल्यावर माझ्यापुरतं उत्तर झालं होतं. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘मित्र म्हणतो की मॉसफेट वगैरे काही नको, 16 अँपिअरचा चांगला स्विच टाक, आयुष्यभर बघायला नको.’ हे वाक्य वाचलं आणि दुकानाचं शटर ओढायचं सोडून लिहायला बसलो.

मी वाईचा. मोटर रिवाइंडिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. वाईत, मेणवलीत, धोमच्या बाजूला शूटिंग सारखं चालू असतं, त्यामुळे जनरेटर, लाइट, पंखे अशी कामं येतात. तीन वर्षांपूर्वी एका मालिकेची एअरसॉफ्ट एलएमजी आली. गोळीबार खोटा आणि आगीची ठिणगी नंतर कॉम्प्युटरवर घालायची, म्हणून खऱ्यासारखी दिसणारी आणि हातात घरघरणारी गन त्यांना हवी असते. प्रॉपर्टी सांभाळणारा माणूस मुंबईचा. सेटवर सगळे त्याला मास्टर म्हणत.

रात्री नऊला तो दुकानात आला. गन आधी निकेल बॅटरीवर चालायची, जोर पडेना म्हणून यांनी 11.1ची लिपो लावली आणि दोन दिवसांत ट्रिगरचा स्विच गेला. मी क्लॅम्प मीटर लावून मोटर थेट बॅटरीवर फिरवली. चालताना 22 अँपिअर. सुरू होतानाचा आकडा माझा मीटर पकडूच शकत नव्हता, पण तो हिशेबाने कळतो. मोटर थांबलेली असते तेव्हा फिरताना तयार होणारा तिचा उलटा व्होल्टेज शून्य असतो, करंटला अडवायला फक्त वाइंडिंग, वायर आणि बॅटरीचा रेझिस्टन्स. सगळं मिळून 0.2 ओहम धरा, भरलेली लिपो 12.6 व्होल्ट, म्हणजे 63 अँपिअर. दर वेळी ट्रिगर दाबला की क्षणभर एवढा दणका त्या नखाएवढ्या पॉइंटवर.

मी म्हणालो, “मास्टर, मॉसफेट लावू या. पार्ट उद्या पुण्याहून मागवतो, संध्याकाळी गन घेऊन जा.”

“सकाळी सातला शॉट आहे हो. 16 अँपिअरचा स्विच टाका ना एखादा चांगला.”

“टिकणार नाही.”

“एक दिवस तर निघेल?”

मी स्विच टाकला. टाकायला नको होता, हे मी आजही म्हणतो. पण टिकणार नाही हे शब्द मी बोललो होतो आणि माझा पोरगा तिथेच उभा होता.

दुसऱ्या दिवशी धोमच्या पाण्याकाठच्या माळावर शॉट. पोलिसांना कळवलेलं होतं, ते सगळं रीतसर. मलाही थांबायला सांगितलं होतं. दोन टेक नीट झाले. तिसऱ्यात डायरेक्टर ‘कट’ म्हणाला, गन धरलेल्या पोराने ट्रिगर सोडला आणि गन चालूच राहिली. तो ज्युनिअर आर्टिस्ट, वय असेल वीस-एकवीस. घाबरून ‘बंद होईना, बंद होईना’ म्हणत आमच्याकडेच वळला, नळीसकट. मॅगझिनमधल्या बीबी काढून ठेवायच्या राहिल्या होत्या. लाइटवाल्या पोराच्या गालावर, डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर, तीन लाल वण उठले. मी ओरडतोय, बॅटरी काढ, बॅटरी काढ. आणि बॅटरी कुठे? बटमध्ये, दोन स्क्रूच्या पट्टीमागे. नळी जमिनीकडे दाबून धरली, स्क्रू ड्रायव्हर मागवला, तोवर मोटरच्या वार्निशचा वास सुटलेला. कनेक्टर ओढला तेव्हा कुठे ती गप्प झाली.

आणि मग सगळ्या युनिटसमोर मास्टर बोलला, “लोकल मिस्त्रीने हलका स्विच टाकला.”

संध्याकाळी मी तो स्विच दुकानात उघडला. दोन्ही पॉइंट एकमेकांना चिकटलेले. ब्लेडचं पातं मध्ये घालून जरा पिरगाळलं तेव्हा टक् करून सुटले. भिंगाखाली बघितलं तर एका पॉइंटवर खळगा आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा, भोवती काळी राख. कृष्णाकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगायला लागत नाही. पाण्याच्या मोटरचे पॉइंट चिकटले की लाल बटण दाबूनही स्टार्टर सुटत नाही, हे त्याने उन्हाळ्यात एकदा तरी बघितलेलं असतं.

स्विच हलका नव्हता. त्याच्या अंगावर 16 अँपिअर छापलं होतं, ते खरंच होतं. पण पुढे बारीक अक्षरात 250 व्होल्ट एसी लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. घरातली वीज 50 हर्ट्झची, करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. पॉइंट उघडताना जी ठिणगी ताणली जाते ती त्या शून्याला आपोआप विझते. बॅटरीचा करंट शून्यावर येतच नाही. ठिणगी पेटलेली राहते, त्यात मोटरची कॉइल सोडताना उलटा झटका मारते, आणि चांदीचा मुलामा वितळतो. म्हणून त्याच स्विचच्या डेटाशीटमध्ये डीसीचे आकडे वेगळे दिलेले असतात आणि मोटरसारख्या लोडला आणखी कमी. तुमच्या मित्राला हे वाचायला द्या. 16चा स्विच 22 अँपिअरला कमी पडतो ही बाब वेगळीच, आणि 25चा आणलात तरी गोष्ट तीच.

मॉसफेट लावला की ट्रिगरच्या पॉइंटमधून जातो तो फक्त गेटचा, म्हणजे मॉसफेट उघडणाऱ्या पायाचा इशारा, काही मिलिअँपिअर. मोठा करंट बॅटरीतून मॉसफेटमधून मोटरला. ठिणगीला जागाच उरत नाही.

त्या गनला मी आयआरएलबी3034 नंबरचा मॉसफेट लावला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून चार आणवले होते. बरेच जण आयआरएफ1404 वापरतात, तोही 40 व्होल्टचा, वाईट नाही. पण त्याचा चालू असतानाचा रेझिस्टन्स 4 मिलिओहमपर्यंत, 3034चा 1.7पर्यंत. 25 अँपिअरला पहिल्यात अडीच वॅट उष्णता, दुसऱ्यात जेमतेम एक. रायफल टप-टप मारते, तिला हा फरक जाणवत नाही. एलएमजी लांबच लांब चालते आणि पार्ट श्रिंक स्लीव्हमध्ये कोंडलेला असतो, तिथे जाणवतो. दुसरं म्हणजे 3034 लॉजिक लेव्हलचा आहे, गेटला साडेचार व्होल्ट मिळाले तरी पुरता उघडतो. उतरलेली बॅटरी स्टार्टच्या दणक्याला बसते तेव्हा लॉजिक लेव्हलचा नसलेला मॉसफेट अर्धवट उघडा राहतो, आणि अर्धवट उघडा राहिला की जळतो. गेटला 100 ओहम, गेट ते सोर्स 10 किलोओहम, मोटरच्या दोन टोकांवर उलटी शॉट्की डायोड. हे तीन पार्ट वगळू नका. 10 किलोओहमचा नसेल तर ट्रिगरची वायर तुटल्यावर गेट तरंगत राहतो आणि गन स्वतःहून चालू शकते.

पार्ट अस्सल आहे का ते लावायच्या आधी बघा. गाडीचा एच4 बल्ब घ्या, दोन्ही फिलामेंट एकदम पेटवा. 55 आणि 60 वॅट मिळून 12 व्होल्टला साडेनऊ अँपिअरच्या आसपास. मॉसफेटच्या ड्रेन-सोर्सच्या, म्हणजे मोठा करंट वाहणाऱ्या दोन पायांच्या मुळाशी मीटर लावा. 3034 असेल तर 16 मिलिव्होल्टच्या वर जाता कामा नये. आणलेल्या चारातला एक 70 दाखवत होता, तो मी फेकला.

सोल्डरिंगचा कंटाळा असेल तर ‘गेट’ नावाच्या कंपनीचा पिकोएसएसआर असा तयार साधा मॉसफेट मिळतो, तो घ्या. ईटीयूचं म्हणाल तर टायटनसारखी युनिटं व्ही2, व्ही3 या रायफलींच्या ठरावीक गिअरबॉक्सच्या मापाने बनतात, गिअरचा दात बघून सायकल मोजतात, बर्स्ट ठरवून देतात. सेमीवर, म्हणजे एका दाबाला एक गोळी मारत खेळणाऱ्याला सोनं आहे. तुमच्या गनला सेमीच नाही, आणि एम249चा गिअरबॉक्स आतून वेगळा निघाला तर बसणारही नाही. त्यातली एक सोय मात्र साध्या मॉसफेटमध्ये नसते, ती म्हणजे बॅटरी उतरली की करंट तोडणं. त्यासाठी बॅलन्स वायरला लावायचा छोटा लिपो अलार्म घ्या, सेलला 3.3 व्होल्टवर ठेवा.

अॅक्टिव्ह ब्रेक नको. ट्रिगर सोडल्यावर मोटर शॉर्ट करून थांबवायची, यात कार्बन ब्रश झिजतात आणि मोटर जास्त तापते. लांब बर्स्टच्या गनला त्याचा उपयोग काय?

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. मॉसफेट मेला तर बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच मरतो, म्हणजे तेव्हाही गन थांबणार नाही. फ्यूजही वाचवणार नाही, कारण करंट नेहमीचाच असतो. 30 अँपिअरचा गाडीचा ब्लेड फ्यूज तरीही घाला, गिअर अडकला तर तो कामाला येतो. पण थांबवायचा खरा उपाय म्हणजे बॅटरीचा कनेक्टर हाताला येईल असा बाहेर काढणं. मी त्या गनला दीड स्क्वेअरची वायर ओढून एक्सटी60 कनेक्टर बटच्या बाजूला काढला, वर लाल टेप गुंडाळला आणि त्या ज्युनिअर आर्टिस्टला डोळे मिटून दहा वेळा ओढायला लावला. आणि कनेक्टर उलटा जोडू नका. मॉसफेटच्या आतली डायोड आणि मोटरवरची शॉट्की दोन्ही मिळून बॅटरी सरळ शॉर्ट करतात.

पुढचे अकरा दिवस गन चालली, मॉसफेट कोमटसुद्धा झाला नाही. मास्टरने पैसे चोख दिले. बोललेलं मागे घेतलं नाही, युनिटसमोर तर नाहीच. तो चिकटलेला स्विच मी काउंटरच्या काचेखाली ठेवलाय, ‘16 अँपिअर 250 व्होल्ट एसी’ ही बाजू वर करून. मित्राला घेऊन वाईला आलात तर दाखवतो, भिंग इथेच आहे.