जॉइंट रिप्लेसमेंट करणाऱ्या सर्जनवर केस होण्याची रिस्क खरंच जास्त असते का? मुलाने यात पडावं का?

तुमचा मुलगा एमएस ऑर्थो करतोय आणि केसेसच्या भीतीने जॉइंटची फेलोशिप (एमएसनंतरचं खास ट्रेनिंग) नको म्हणतोय, असं लिहिलंय तुम्ही. मी १८ वर्षं गुडघे आणि खुबे बदलतोय, एक नोटीस मलाही आलीये, म्हणून सांगतो.

रिस्क आहेच. ॲक्सिडेंटमध्ये हाड मोडलेला पेशंट आधीच आडवा असतो, पण गुडघा बदलायला येणारा माणूस दुखत का होईना स्वतःच्या पायाने चालत येतो, दोन-अडीच लाख भरतो, आणि शेजारच्या काकू ऑपरेशननंतर कशा जिना चढतात ते बघून आलेला असतो. मग इन्फेक्शन झालं (शंभरात एक-दोघांना चांगल्या हातूनही होतं), खुब्यानंतर एक पाय लांब वाटला, की लगेच हलगर्जीपणा हाच शब्द येतो.

माझी गोष्ट सांगतो. एक मावशी होत्या, गुडघे आत वळलेले, पाय सरळच होत नव्हता. असा पाय सरळ केला की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, पंजा वर उचलणारी पेरोनियल नस ताणली जाऊ शकते. दुसऱ्या दिवशी फिजिओने उभं केलं तर पाऊल टाकताना उजव्या पायातली चप्पल निसटली, परत घातली, परत निसटली, पंजा वर येईचना. ड्रेसिंग सैल केलं, गुडघा थोडा वाकवून ठेवला, स्प्लिंट दिला, ट्रीटमेंट बरोबर होती. पण मावशींचा मुलगा 'नस कापली का' विचारत होता आणि मी दोन दिवस नुसतं 'येईल, बघू' म्हणत राहिलो. पाच महिन्यांनी वकिलाची नोटीस आली. तोवर पंजा बराच उचलायला लागला होता, समोरासमोर बसलो तेव्हा मुलगा एवढंच म्हणाला की हे आधी का नाही सांगितलं. सांगितलं होतं हो, पण इंग्रजी छापील फॉर्मवर, आदल्या रात्री सिस्टरने सही घेतलेली! प्रकरण तिथेच मिटलं, पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना ग्राहक कायद्यात आणलं, त्यामुळे खरी लढाई ग्राहक आयोगात होते आणि तक्रारीला साधारण दोन वर्षांची मुदत असते. पोलीस केसला मुलगा घाबरत असेल तर त्याला २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल वाचायला सांगा, फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार मोठा असावा लागतो असं कोर्टाने म्हटलंय. आणि २००८ चा समीरा कोहली निकाल पण वाचू दे, नुसती सही म्हणजे संमती नाही हे त्यात आहे.

काही गोष्टींना मात्र बचावच नाही. चुकीच्या बाजूचा पाय उघडला, किंवा जखमेतून पाणी येतंय आणि आठवडाभर नुसत्या गोळ्या बदलत बसलात, तर कुठलाच वकील वाचवत नाही आणि वाचवूही नये. पेशंट जागा असतानाच मार्करने पायावर खूण करायची, इम्प्लांटचे (बसवलेल्या कृत्रिम सांध्याचे) स्टिकर केसपेपरला लावायचे, नोट त्याच दिवशी लिहायची. कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात, लपवालपवी केली की संशय वाढतो.

आता मी आठ दिवस आधी ओपीडीत घरच्यांसमोर मराठीत बोलतो आणि पेशंटकडून त्याच्या शब्दांत परत वदवून घेतो. मागच्या महिन्यात एका आजोबांनी फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पाय थोडा लांब-आखूड होऊ शकतो, मला कळले आहे.' मुलाला फेलोशिप करू द्या, फक्त बॉस असा बघा जो ओपीडीत पेशंटशी असं बोलताना त्याला शेजारी बसवून घेईल.